थैली कोणी पुरली?

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस आमच्या परिसरातील काही धर्मग्रामांच्या पदाधिकाऱ्यांसाठी दोन दिवसांचे एक नेतृत्व शिबिर भरले होते. आपापल्या अंगचे सामर्थ्य ओळखून ख्रिस्तसभेचे नेतृत्व कसे करावे, हा त्याचा विषय. आमच्या धर्मग्रामातून सहा जण पाठवावयाचे होते. पाच नावे आम्ही नेहमीचीच दिली. सहावे नाव ऐनवेळी गळाले, म्हणून कुंभारीच्या वसाहतीत राहणाऱ्या एका विडी कामगार बाईंना आम्ही गाडीत बसवून घेतले. हा तपशील मुद्दाम सांगत आहोत. पुढे जी टीका करावयाची आहे तिच्यातून आम्ही स्वतःला वगळलेले नाही, हे वाचकांना आरंभीच कळलेले बरे.

शिबिरात एक छापील प्रश्नावली वाटण्यात आली. इंग्रजीत होती. प्रत्येक विधानापुढे चौकोन. आपल्याला लागू पडेल तेथे खूण करावयाची. मार्गदर्शक भले गृहस्थ होते, हिंदी-इंग्रजीत समजावून सांगत होते. आमच्या बाईंनी, त्यांना वस्तीत सगळे अक्का म्हणतात, तो कागद बराच वेळ हातात धरला आणि मग दुमडून ठेवला. "काय झालं अक्का?" आम्ही विचारले. "फादर, ह्यात विचारलंय मी कशी आहे म्हणून. मी कशी आहे ते मी कधी बघितलंय?" एवढेच बोलून त्या चहाचे कप गोळा करावयास उठल्या. संध्याकाळी प्रत्येकाच्या छातीवर त्याच्या सामर्थ्याची चिठ्ठी लागली. आमचे खजिनदार 'दूरदर्शी' ठरले, एक शिक्षक 'संवादकुशल' ठरले. अक्कांच्या कोऱ्या कागदाकडे पाहून मार्गदर्शकांनी मोठ्या प्रेमाने 'सेवाभावी' अशी चिठ्ठी दिली, आणि अशा व्यक्तींना वेदीची सजावट, स्वयंपाक, आजाऱ्यांची विचारपूस ही कामे द्यावीत, असे सुचवले.

परतताना रात्र झाली. अक्कलकोट रस्त्याने कुंभारीला आलो तेव्हा वसाहतीच्या तोंडाशी सात-आठ बायका अक्कांची वाट पाहत उभ्या होत्या. चार दिवस पाणी आले नव्हते. अक्का गाडीतून उतरल्या. एकीशी तेलुगूत बोलल्या, दुसरीशी कन्नडमध्ये. मग कोणाचा तरी फोन घेऊन पलीकडच्या साहेबाशी स्वच्छ मराठीत, आवाज न चढवता, पण एक शब्दही मागे न घेता बोलल्या. कोणत्या दिवशी किती वाजता पाणी आले, कोणत्या गल्लीला आले नाही, हे सारे त्यांना तोंडपाठ होते. उद्या कोणी कोठे जावयाचे, लहान मुलांच्या आया घरी राहतील, कारखान्यात विड्या द्यावयास कोणाबरोबर कोणाच्या विड्या जातील, हे सारे पाच मिनिटांत ठरले. गाडीतले आमचे 'दूरदर्शी' आणि 'संवादकुशल' सद्गृहस्थ काचेआडून पाहत होते. त्यांच्यातले एक म्हणाले, "ही बाई आपल्या चर्चमधलीच ना?"

सात वर्षे आम्ही अक्कांना ओळखत होतो. शनिवारी वेदीवरची फुले बदलणारी बाई, एवढीच ती ओळख होती.

सोलापूरबाहेरच्या वाचकांसाठी कुंभारीविषयी थोडे विस्ताराने लिहिणे भाग आहे. दक्षिण सोलापूर तालुक्यातले हे गाव आता गाव राहिलेले नाही. सोलापूर हे गिरण्यांचे, मागांचे आणि चादरींचे शहर म्हणून सर्वांस ठाऊक आहे. परंतु त्या शहराची चूल कित्येक दशके विडी वळणाऱ्या बायकांच्या बोटांवर पेटत आली आहे. पाने भिजवावयाची, कात्रीने कापावयाची, तंबाखू भरून वळावयाची, दोरा बांधावयाचा. हजार विड्या झाल्या की दिवस झाला. मग त्या कारखान्यात नेऊन तपासणाऱ्यापुढे ठेवावयाच्या आणि त्याने किती नापास केल्या ते मुकाट पाहावयाचे. बहुतेक बायका तेलुगू बोलणाऱ्या. भाड्याच्या एका खोलीत सात-आठ माणसे, आणि तंबाखूची धूळ त्याच खोलीत. या बायकांनी आपली सहकारी गृहनिर्माण संस्था उभारली. विडी कामगारांची संघटना आणि तिचे नेते नरसय्या आडम यांच्या नेतृत्वाखाली वर्षानुवर्षे मोर्चे काढले, केंद्राकडून आणि राज्याकडून अनुदान मिळवले आणि आपला वाटा पोटाला चिमटा काढून भरला. २००६ साली तेव्हाचे पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांच्या हस्ते कुंभारीतील त्या १०,००० घरांच्या वसाहतीचे लोकार्पण झाले. वसाहतीला नाव दिले गेले ते गोदूताई परुळेकरांचे. पुढे याच कुंभारीत ३०,००० घरांचे रे नगर आकारास आले; विडी कामगार, यंत्रमाग कामगार, कचरा वेचणाऱ्या बायका, रिक्षाचालक यांच्यासाठी. त्यांतील १५,००० घरे १९ जानेवारी २०२४ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते देण्यात आली. दोन भिन्न पक्षांचे दोन पंतप्रधान एका खेड्यात घरांच्या किल्ल्या द्यावयास येतात, ही गोष्ट महाराष्ट्रात वारंवार घडणारी नव्हे.

ज्यांच्या नावाने ती पहिली वसाहत आहे त्या गोदूताईंचीही ओळख आमच्या तरुण वाचकांना नसेल. पुण्याच्या सुखवस्तू गोखले घराण्यात १९०७ साली जन्मलेली ही शिकलेली स्त्री ठाणे जिल्ह्याच्या जंगलात गेली आणि वारल्यांच्या झोपड्यांत राहिली. १९४५ साली वेठबिगारीविरुद्ध वारली उठले, तो लढा त्यांनी आणि त्यांचे पती शामराव परुळेकर यांनी उभा केला. त्याची हकीकत सांगणारे त्यांचे 'जेव्हा माणूस जागा होतो' हे पुस्तक प्रसिद्ध आहे आणि त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कारही लाभला आहे. वारल्यांच्या अंगी कोणते सामर्थ्य आहे याची यादी करून त्या जंगलात गेल्या नव्हत्या. सावकाराच्या शेतावर फुकट राबणार नाही, एवढे एकच वाक्य बोलावयास त्यांनी माणसांना उभे केले. ते वाक्य उच्चारल्यावर कोणाचे पाय लटपटले, कोण पुढे सरसावला, कोणाच्या शब्दावर दहा गावे थांबली, हे आपोआप दिसून आले.

आम्ही साम्यवादी नाही, हे निराळे सांगावयास नको. देवाला आणि मानवी आत्म्याला ज्या विचारसरणीत जागा नाही तिच्याशी आमचा मतभेद आहे आणि तो राहील. परंतु मतभेद आहे म्हणून डोळे मिटून घ्यावेत, हे कोणत्या आज्ञेत लिहिले आहे? आमच्या पोप तेरावे लिओ यांनी १८९१ साली कामगारांच्या प्रश्नावर परिपत्रक काढले आणि कामगारांना संघटना करण्याचा हक्क आहे असे सांगितले. त्यांचीच आठवण ठेवून २०२५ च्या मे महिन्यात निवडले गेलेल्या पोप महाशयांनी चौदावे लिओ हे नाव धारण केले. ते परिपत्रक आम्ही सेमिनरीत परीक्षेसाठी पाठ केले होते, गुणही चांगले पडले होते. आणि कुंभारीच्या बायकांनी त्यातला एक शब्दही न वाचता ते अमलात आणले. त्यांत आमच्या काही ख्रिस्ती बायकाही होत्या. मोर्चात त्या पुढे चालल्या, चर्चमध्ये मात्र मागच्या बाकावर बसल्या. त्यांना मागच्या बाकावर कोणी बसवले, या प्रश्नाचे उत्तर आम्हास द्यावयाचे आहे.

आता त्या प्रश्नावलीकडे वळू. तिला सरसकट वाईट म्हणणे अन्यायाचे होईल. अशा चाचण्यांमागे एक चांगला विचार आहे. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड क्लिफ्टन यांनी असे विचारले की, माणसांत काय बिघडले आहे याचाच अभ्यास आपण का करतो, त्यांच्यात काय चांगले आहे याचा का करू नये? त्यातून ३४ सामर्थ्यांची एक यादी निघाली, ती शोधण्याची चाचणी निघाली, २००१ साली त्यावरचे पुस्तक जगभर खपले, आणि पुढे ख्रिस्ती मंडळ्यांसाठी त्याच्या खास आवृत्त्याही आल्या. 'मी पापी, मी नालायक, मला काय येतंय' एवढेच ऐकत वाढलेल्या ख्रिस्ती माणसाला, तुझ्यात देवाने काही चांगले ठेवले आहे, असे कोणी सांगितले तर त्याचे भलेच होईल. आमच्या पिढीच्या धर्मशिक्षणात पापांची यादी मोठी होती आणि कृपादानांची लहान, हेही कबूल केले पाहिजे.

पण चाचणी विचारते ती माणसाचे स्वतःविषयीचे मत. ज्याला आयुष्यात कधी सभेत बोलू दिले नाही, ज्याच्या हाती कधी चार पैशांचा सार्वजनिक हिशेब दिला नाही, त्याने 'मी लोकांना बरोबर घेऊन जाऊ शकतो' या चौकोनात खूण कशी करावी? अक्कांचे उत्तर या दृष्टीने सर्वांत प्रामाणिक होते. उलट, ज्याला लहानपणापासून शाळेत व्यासपीठ मिळाले, ज्याच्या घरी इंग्रजी बोलले जाते, तो पाचही चौकोनांत खूण करून मोकळा होतो. म्हणजे आजवर ज्यांना संधी मिळाली त्यांनाच सामर्थ्याचे प्रमाणपत्र मिळते, आणि ज्यांना मिळाली नाही त्यांच्या हाती पुन्हा झाडू येतो. फरक इतकाच की यंदा त्या झाडूला 'सेवाभाव' असे शास्त्रीय नाव असते. सेवाभाव हा मोठा गुण आहे. परंतु आमच्या चर्चमध्ये तो नेमका गरिबांच्या आणि बायकांच्याच वाट्याला का यावा?

याहून खोल आक्षेप आमचा आमच्यावरच आहे. अशी शिबिरे आम्हा धर्मगुरूंना फार सोयीची पडतात. दोन दिवसांत कार्य उरकते, छायाचित्रे निघतात, अहवाल धर्मप्रांताच्या कार्यालयात जातो आणि सोमवारी सकाळी धर्मग्रामाच्या कपाटाची किल्ली जेथे होती तेथेच असते. कोणाचे काहीच बदललेले नसते. सामर्थ्य शोधण्याचा हा सोहळा म्हणजे पुष्कळदा सामर्थ्य वापरू न देण्याची एक सभ्य रीत झाली आहे.

प्रभू येशूने सांगितलेला थैल्यांचा दृष्टांत या शिबिरांत हमखास वाचला जातो. आमच्या शिबिरातही वाचला गेला, आणि नेहमीप्रमाणे तिसऱ्या दासाची निंदा झाली: देवाने गुण दिले आणि याने ते पुरून ठेवले! पण मूळ गोष्टीत 'टॅलेंट' म्हणजे अंगचा गुण नव्हे. ते चांदीचे वजन होते. एक टॅलेंट म्हणजे साधारण ६,००० दिनार, आणि दिनार म्हणजे शेतमजुराची एका दिवसाची मजुरी. एका मजुराची सुमारे २० वर्षांची कमाई! इंग्रजीत या शब्दाला 'अंगभूत गुण' हा अर्थ आला तो पुढे, याच दृष्टांतावरच्या प्रवचनांमुळे. तेव्हा धन्याने दासांच्या अंगी काय आहे हे शोधावयास चाचणी घेतली नाही. त्याने आपली मिळकत त्यांच्या हाती सोपवली आणि तो दूरदेशी निघून गेला. पाठीमागे उभा राहून 'असे नको, तसे कर' म्हणत बसला नाही. कोण काय करू शकतो हे तो परत आल्यावर दिसले. तिसऱ्या दासाने थैली का पुरली? धनी कठोर आहे, चूक झाली तर खैर नाही, या भीतीने. दोष त्याचा खराच. परंतु आमच्या किती धर्मग्रामांत अशी स्थिती आहे की दासाच्या हाती थैली कधी दिलीच गेली नाही? ती आम्ही, कारभाऱ्यांनीच, धन्याच्या नावाने आधीच पुरून ठेवली आहे, आणि वर दासांना विचारतो आहोत की, तुमचे गुण कोठे गेले?

'प्रेषितांची कृत्ये' या ग्रंथाच्या सहाव्या अध्यायात नेते कसे निवडले गेले ते आहे, आणि ते शिबिरांत फारसे वाचले जात नाही. यरुशलेमच्या मंडळीत ग्रीक बोलणाऱ्या विधवांना रोजच्या अन्नवाटपात डावलले जात होते. कुरकुर झाली. आमच्याकडे कुरकुर झाली की आम्ही पुढच्या रविवारी निंदानालस्तीवर प्रवचन देतो. प्रेषितांनी मंडळीला एकत्र बोलावले, तुमच्यातून सात माणसे तुम्हीच निवडा असे सांगितले, आणि निवडलेल्यांवर हात ठेवून वाटपाचा कारभार त्यांच्या स्वाधीन केला. त्या सातही जणांची नावे ग्रीक आहेत, हे बायबलचे अभ्यासक आवर्जून दाखवतात. म्हणजे ज्यांच्या विधवांवर अन्याय होत होता त्यांच्याच माणसांच्या हाती पळी दिली गेली. आणि मग काय झाले? पानावर वाढावयास नेमलेला स्तेफन न्यायसभेपुढे उभा राहून बोलला आणि ख्रिस्तसभेचा पहिला रक्तसाक्षी झाला. फिलिप शोमरोनात सुवार्ता घेऊन गेला. पळी हाती आल्यावर त्यांच्यातले वक्ते आणि प्रचारक जागे झाले. त्यांची सामर्थ्ये आधी तपासून मग पळी दिली असती तर कदाचित कोणी म्हटले असते, हा स्तेफन फार बोलतो, याला वाटपाला नको.

कुंभारीच्या वसाहतीत हेच घडले आहे. पाणी आले नाही, शिधापत्रिकेवर नाव चढले नाही, कारखान्याने विड्या फार नापास केल्या, या कुरकुरींतून तेथल्या नेत्या तयार झाल्या. अक्का त्यांतल्याच एक. त्या नेतृत्व शिकावयास कोठे गेल्या नाहीत. घरासाठी भरलेल्या पैशांची पावती मागावयास गेल्या, आणि पावती न देणाऱ्यापुढे दिवसभर बसून राहिल्या.

कोणी म्हणेल, फादर, हे सारे ठीक, पण ख्रिस्तसभा म्हणजे कामगार संघटना नव्हे. येथे अधिकार वरून येतो. हा युक्तिवाद आम्हीही एके काळी केला आहे, म्हणून त्याची वाट आम्हास ठाऊक आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ साली ख्रिस्तसभेविषयीच्या आपल्या दस्तऐवजात सांगितले की पवित्र आत्मा सर्व दर्जांच्या श्रद्धावंतांना कृपादाने वाटतो. त्यांची पारख करणे हे अधिकाऱ्यांचे काम आहे, परंतु आत्म्याला विझवणे हे त्यांचे काम नव्हे. १९६५ सालच्या प्रापंचिकांविषयीच्या हुकुमनाम्यात तर स्पष्ट आहे की ज्याला कृपादान मिळाले त्याला ते वापरण्याचा हक्क आहे आणि ते त्याचे कर्तव्यही आहे. हक्क! हा शब्द आम्ही प्रवचनात किती वेळा उच्चारला? १९८३ च्या धर्मविधी संहितेने अर्थसमिती प्रत्येक धर्मग्रामात असलीच पाहिजे असे सांगितले, आणि धर्मग्राम समितीला, म्हणजे पॅरिश कौन्सिलला, केवळ सल्ल्याचा अधिकार देऊन ती स्थापावी की नाही हे बिशपांवर सोपवले. या 'केवळ सल्ला' शब्दांच्या सावलीत आमच्यापैकी अनेकांनी सुखाने दिवस काढले आहेत. पण सल्ला ऐकू नये असे कोणत्याच कलमात लिहिलेले नाही. आणि २०२१ पासून चाललेल्या सिनडच्या २०२४ सालच्या अंतिम दस्तऐवजात या समित्या बंधनकारक कराव्यात अशी मागणी आली. पोप फ्रान्सिस यांनी तो दस्तऐवज जसाच्या तसा प्रसृत करावयास सांगितला. त्याआधी २०२१ साली त्यांनी वाचक आणि वेदीसेवक ही पदे स्त्रियांना खुली केली आणि धर्मशिक्षकाचे पद रीतसर स्थापन केले. सहा वर्षे झाली नाहीत तोच आमच्यापैकी काहींना हे सारे विस्मरणात गेले आहे.

आमच्या समित्यांची स्थिती काय आहे हे सांगून कोणाला दुखवण्याची आमची इच्छा नाही, परंतु न सांगून भागत नाही. एकच गृहस्थ १५-१५ वर्षे सचिव. बैठक ठरते ती त्यांच्या सोयीने, संध्याकाळी सातला, जेव्हा विडी कामगार बाईच्या घरी चूल पेटलेली असते. बोलणे मराठी-इंग्रजीत, जेव्हा निम्म्या धर्मग्रामाची घरची भाषा तेलुगू, कन्नड किंवा तमिळ असते. बायका 'महिला प्रतिनिधी' म्हणून दोन. त्यांच्याकडे सणाची मिठाई. हिशेब वाचला जातो तो वर्षाकाठी एकदा, मिस्सेनंतर, लोक छत्र्या शोधत असताना. या गृहस्थांना आम्ही दुष्ट म्हणत नाही. त्यांनी कष्ट केले आहेत, पदरचे पैसे घातले आहेत. पण वडाखाली गवत उगवत नाही, यात वडाचा हेतू वाईट असतो असे नव्हे.

दुसऱ्या बाजूलाही बोट दाखवले पाहिजे. आमच्या प्रापंचिक बंधुभगिनींनी नम्रतेचा फार सोयीचा अर्थ लावून घेतला आहे. "फादर, आपण म्हणाल तसं", "आम्हाला काय कळतं", "तुम्हीच ठरवा" असे म्हणून घरी जावयाचे आणि घरी गेल्यावर फादरांच्या निर्णयाची चिरफाड करावयाची, ही नम्रता नव्हे. संहितेच्या कलम २१२ प्रमाणे आपले मत धर्मगुरूंना आदराने कळवण्याचा तुम्हाला हक्क आहे, आणि कधी कधी ते कर्तव्य ठरते. स्वतःच्या दुकानात, कचेरीत, पतपेढीत जो माणूस वाघासारखा काम करतो तो चर्चच्या फाटकातून आत येताच कोकरू का होतो? आम्हास कोकरे आवडतात म्हणून, असे कोणी म्हटले तर त्यातही तथ्य आहे.

आमच्या इतिहासात अशी माणसे झालीच नाहीत असे नाही. मुंबईच्या माझगावातील माथारपाखाडीत १८६४ साली जन्मलेले जोसेफ बाप्टिस्टा अभियांत्रिकी शिकले, वनखात्यात नोकरीस लागले, मग विलायतेस जाऊन बॅरिस्टर झाले. लोकमान्य टिळकांचे स्नेही, १९१६ साली स्थापन झालेल्या होमरूल लीगचे अध्यक्ष, पुढे कामगार चळवळीचे पुढारी, १९२५ साली मुंबई महापालिकेचे प्रमुख. लोक त्यांना काका म्हणत. हा कॅथलिक माणूस आपले सामर्थ्य कोणत्या कप्प्यात बसते हे शोधत राहिला असता तर वनखात्यात निवृत्त झाला असता. ज्या कामाने हाक दिली त्या कामाकडे तो गेला आणि जाता जाता त्याला आपण काय आहोत ते कळले. आणि १५ मे २०२२ रोजी रोममध्ये ज्यांना संत घोषित करण्यात आले ते देवसहायम तर त्रावणकोरच्या दरबारातले एक प्रापंचिक अंमलदार, घरसंसार असलेले गृहस्थ. भारताचे पहिले प्रापंचिक संत मिळावयास आम्हास इतकी शतके का लागली, याचा विचार व्हावयास हवा.

'पण फादर, पैशाचा घोळ झाला तर?' हा प्रश्न आमच्या समितीत आम्हास विचारला गेला, आणि तो रास्त आहे. घोळ होईल. कोणी चुकेल, कोणी भांडेल, कोणी आपल्या जातीच्या, भाषेच्या माणसाला पुढे करील. आजवर घोळ झालेच नाहीत असे ज्यांना वाटते त्यांनी जुन्या वह्या चाळाव्यात. फरक इतकाच की ते झाकले गेले, कारण वही एकाच हाती होती. 'राजकारण शिरेल' असेही म्हणतात. शिरेल, आता नाही काय? सध्याचे राजकारण मुके आहे, एवढेच.

म्हणून आम्ही एक प्रयोग आरंभला आहे. त्याला प्रयोग म्हणावयासही संकोच वाटतो, कारण त्यात नवे काहीच नाही. कुंभारीच्या वसाहतीत आणि रे नगरात मिळून आमची जी मोजकी कुटुंबे आहेत त्यांचा एक लहान ख्रिस्ती समूह केला. त्यांच्या वर्गणीचा आणि धर्मग्रामाच्या गरीब निधीतील त्यांच्या वाट्याचा कारभार त्यांच्याकडेच द्यावयाचा ठरवले. बैठक दुपारी तीनला, विड्या देऊन बायका परत आल्यावर. पाने कापता कापता बोलले तरी चालेल. भाषा ज्याला जी येते ती. समूहाचा एक माणूस धर्मग्राम समितीवर, तो त्यांनी निवडावयाचा, आम्ही नव्हे. आणि तीन वर्षांनी बदलावयाचा. आमच्या समितीने हे मान्य केले, पण एकमताने नव्हे, हेही नमूद करतो. खजिनदार महाशय विरोधात होते आणि आजही आहेत. त्यांनी आपला विरोध उघड नोंदवला याबद्दल आम्ही त्यांचे आभारी आहोत.

समूहाने अक्कांना निवडले. आम्ही त्यांना कळवावयास गेलो तेव्हा त्या दारात बसून कात्रीने पाने कापत होत्या. आम्हाला वाटले, नाही म्हणतील, मला लिहिता येत नाही म्हणतील. त्यांनी सुपातली पाने बाजूस सारली, मुलीला चहा ठेवावयास सांगितले आणि विचारले, "वही कुणाकडं राहणार, फादर?"

आम्ही म्हणालो, सध्या धर्मग्रामाच्या कार्यालयात, आमच्या कपाटात आहे.

"मग ती घेऊन या," त्या म्हणाल्या. "माझी पोरगी दहावीला आहे, ती वाचून दाखवील. मागच्या तीन वर्षांचं पण आणा."

मागच्या तीन वर्षांच्या वह्या आम्ही गेल्या आठवड्यात काढल्या आहेत. दोन पावत्या सापडत नाहीत. पुढच्या रविवारी दुपारी तीन वाजता कुंभारीत बैठक आहे. तेथे आम्ही त्या वह्या घेऊन जाणार आहोत, आणि त्या दोन पावत्यांविषयी पहिला प्रश्न कोण विचारणार हे आम्हास आत्ताच ठाऊक आहे.